तापीच्या वाळूतला मोर

आता ऐका, पण हसू नका. अर्थात हसालच, मी तरी कुणाकुणाला थांबवणार!

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी धुळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. नवी नोकरी, नवं लग्न, मग अंगात केवढी मस्ती असेल सांगा! बायको, सुमन, दिवाळीला माहेरी गेली ती तिकडेच राहिली. पहिल्या संक्रांतीला तिला आणायला निघालो. दोंडाईच्याला रेल्वेतून उतरलो आणि बैलगाडीनं तापी गाठली. सासुरवाडी पलीकडच्या काठावर.

नदी कसली, वाळवंटच ते! कडेला गुडघाभर पाणी, बाकी सगळी वाळू. चित्रकाराला एवढा मोठा कोरा कागद कधी मिळायचा? ठरवलं, इथे मोर काढायचा. सुमन संध्याकाळी पाण्याला येईल, बघेल, मैत्रिणींना मिरवून सांगेल, "आमच्या ह्यांनी काढलाय!"

दगडही आयते! ओळीनं पडलेले, प्रत्येकावर पांढरा ठिपका. ठिपका कुठून आला? मी म्हटलं, पक्ष्यांची कृपा असेल. दोन तास खपून एकूण एक दगड वेचला आणि मोर पुरा केला.

सासुरवाडीला पाटावर बसलो. पुरणाचे मांडे, वर तुपाची धार. पहिला घास तोंडात, तोच सासरे, म्हणजे नाना, गरजतच आत आले.

"बठ्ठा दगड कथा ग्यात? काल पंचांनी दोरी धरीसन टरबुजाच्या वाड्या वाटी दिन्ह्यात, आज एक बी दगड नही!"

हातातला मांडा ताटात ठेवला. अहो, ते हद्दीचे दगड होते! नदी आटली की गावातले पंच वाळू मोजून घरोघर वाटून देतात आणि चुन्याचा ठिपका दिलेले दगड मांडतात. उद्या तिथं बी पडायचं होतं. आणि मला म्हणे पक्षी!

इतक्यात शेजारच्या वाडीवाले भिकाभाऊ काठी घेऊन दारात. हातभर वाळूवरून नानांचं आणि त्यांचं बारा वर्षांचं वैर.

"नाना, तूच काढात दगड!"

"मी? चोर तू शे!"

नानांनीही काठी उचलली. जाता जाता माझ्याकडे वळून मात्र मऊ आवाजात म्हणाले, "जवाईबुवा, तुम्ही जेवा. पन हाई भांडन मिटत नही तवलग मी पोरले धाडाव नही."

सुमनला पाठवणार नाहीत म्हटल्यावर आता कसला जेवतो? दाराआड सुमनचे डोळे भरलेले. अख्खं गाव नदीकडे धावलं, मागून मी, चोरासारखा.

पंचांतले म्हातारे आबा मोराभोवती एक फेरी मारून आले. "हाई काय शे?"

"करणी शे!" भिकाभाऊ ओरडले. "नानानीच करी! लिंबू कथा पुरेल शे, देखा!"

झालं, कुणी पुरलेलं लिंबू शोधायला लागलं आणि दोन्ही काठ्या वर गेल्या! मी मध्ये घुसलो.

"आबा, दगड मी उचलले. तो... तो मोर आहे."

दोन्ही काठ्या माझ्याकडे वळल्या. आमच्याकडे जावयावर हात टाकत नाहीत, म्हणून आज तुमच्यासमोर धड बसलोय.

आबांनी डोळे बारीक केले. "मोर?"

नानांनी मान वाकडी करून पाहिलं. "नही आबा. कोंबडी शे हाई."

भिकाभाऊंची काठी खाली आली. "हा नाना, कोंबडीच शे!"

बारा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं! दोघं पोट धरून हसायला लागले आणि त्या हसण्यातच दोरी नव्याने धरली गेली. दिवस मावळेपर्यंत मी दगड वाहिले. नाना आणि भिकाभाऊ एकाच घोंगडीवर बसून मला हद्द दाखवत होते.

सकाळी सुमनला माझ्याबरोबर पाठवलं. बैलगाडीत बसल्यावर मी हळूच विचारलं, "तू तरी खरं सांग. मोर होता ना?"

ती पदराआडून म्हणाली, "अहो, पिसारा झकास होता. पण कोंबडीला पिसारा कशाला काढलात?"