नारळ आडवा राहिला तिथे

"पाह्यल्याबिगर हाव नाही, अन् पाह्यल्याबिगर नाही बी नाही."

पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, हे जयमालाचं बोलणं आता आमच्या गावात म्हणीसारखं झालं आहे. जानेफळच्या बाजारात एखादी बाई वांगं उलटंपालटं करून पाहू लागली, की विकणारा म्हणतो, "पाय बाई पाय, पुंजाजीच्या पोरीवानी पाय." सगळे हसतात. हसू द्यावं. ज्या पोरीनं हे वाक्य आपल्या बापासमोर आणि आपल्या सरांसमोर एकाच तोलानं म्हटलं, तिची गोष्ट हसणाऱ्यांनाही एकदा सांगितली पाहिजे.

जयमाला पुंजाजीची थोरली. उंचीला बेताची, आवाजाला खणखणीत. रोज सकाळच्या एसटीनं मेहकरच्या कॉलेजात जायची, बी.एस्सी.ला. भूशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा गावात कुणाला तो काय असतो हेच ठाऊक नव्हतं. लोक विहिरीत डोकावून पाणी पाहतात, ही काठावर ओणवी होऊन विहिरीची भिंत पाहायची. वर काळी माती, मग पिवळा मुरूम, मग खडक, त्या खडकातल्या भेगा. एकदा पाहत बसली की शालूबाईनं, तिच्या आईनं, तीन हाका मारल्याशिवाय उठत नसे.

पहिल्या वर्षाची गोष्ट. लंबकानं गुरुत्वाकर्षण मोजायचा प्रयोग होता. उत्तर नऊ पॉइंट आठ यायला हवं, हे सगळ्या वर्गाला आधीच माहीत. पोरं उत्तर आधी लिहीत आणि आकडे मागून बसवत. जयमालाचं उत्तर आलं नऊ पॉइंट चार. तिनं तेच लिहिलं. सरांनी वही परत केली.

"चुकलंय. पुन्हा लिही."

"पुन्हा केलं सर, तेच आलं. दोरा ताणते, घड्याळाचा काटा अडकते."

"मग वर्गातल्या सगळ्यांचं बरोबर कसं आलं?"

"त्याईनं घड्याळाकडं पाह्यलंच नाही, सर. यंत्र बिघडलं हाय, हे बी निरीक्षणच नाही काय?"

गुण कापले गेले. घरी येऊन तिनं ही गोष्ट सांगितली, ती कापसाला चांगला भाव आल्यासारखी. शालूबाईनं कपाळावर हात मारला. "अव, नऊ आठ लिहिलं असतं तं तुह्या बापाचं काय जात होतं?"

"माय, सगळे नऊ आठ लिहितीन, तं घड्याळ कधी दुरुस्त होईन?"

गावाला तिच्या शिक्षणाचं कोडं होतंच. पारावर बसलेले शंकरराव, आमचे सरपंच, एसटीतून उतरणाऱ्या जयमालाला रोज अडवायचे. "काय व पोरी, दगडं फोडून नोकरी लागते काय? आमचा शिवम पाय, पोलीस भरतीचा क्लास लावला."

"लागो ना काका त्याले नोकरी. पण गावात सगळेच भरतीले पळून राह्यले, अन् गावाच्या जमिनीखाली काय हाय ते इचारायले एक बी नाही. मी इचारतो, तं तुमचं काय बिघडते?"

शंकररावांचं काही बिघडत नव्हतं. अजून तरी.

आता पुंजाजीची ओळख सांगतो. शेती थोडी, पण नाव मोठं. पुंजाजी पाणी पाहायचा. विहीर खणायची असो की बोअर मारायचा असो, पंचक्रोशीतली माणसं आधी त्याच्या दारी यायची. तो आंघोळ करून अनवाणी निघायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे करून, आणि शेतातून हळूहळू चालायचा. चालता चालता एका जागी नारळ थरथरायचा आणि शेंडी वर करून उभा राहायचा. तिथं दगड ठेवायचा. पैसा घ्यायचा नाही, कुणी दिलाच तर रागवायचा. पाणी लागलं की टोपी आणि नारळ, एवढाच त्याचा मान. लहानपणी जयमाला त्याच्या मागून चालायची. बापाच्या तळहातावर नारळ उभा राहताना तिनं पाहिलेला होता, तिला तो खोटा वाटत नव्हता.

शेवटच्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प आला. शौनक सर तिला शिकवत. बुलढाण्याचे, हुशार, तळमळीचे माणूस. ते म्हणाले, "जयमाला, तुझा विषय तर घरातच आहे. पाणी पाहण्याची अंधश्रद्धा. वडिलांची माहिती घे, चार कारणं लिही, फोटो लाव. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर तुझाच."

"सर, ते खोटं हाय हे तुम्ही पाह्यलं काय?"

"अगं, त्यात पाहायचं काय? सगळ्या जगाला माहीत आहे."

"गावातल्या सगळ्याईले बी माहीत हाय की ते खरं हाय. त्याईनं बी पाह्यलं नाही. मी पाहीन, मंग लिहीन. जे निघन ते."

सरांना ते आवडलं की नाही, कळलं नाही. "बघ," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं.

"बाबा, तुमचा नारळ जिथं उभा राह्यला, तिथं लोकाईनं खणलं. पण जिथं आडवा राह्यला, तिथं कोणी खणलं काय?"

पुंजाजी हसला. "तिथं कायले खणन कोणी? येडी का खुळी?"

"मंग तिथं पाणी नाही, हे कोणी पाह्यलं?"

पुंजाजीचा भाकरीचा घास हातातच राहिला. शालूबाई म्हणाली, "जेवू दे माय त्याले." पण पुंजाजी जेवला नाही. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला तो प्रश्न समजला होता. आयुष्यभर त्यानं जागा दाखवल्या. पाणी लागलं तिथं लोक पाया पडले, नाही लागलं तिथं म्हणाले, बोअर कमी खोल गेला. न दाखवलेल्या जागेचा विचार त्यालाही शिवला नव्हता, त्याच्या बापालाही नाही.

"काय करायचं म्हणतं तू?" त्यानं विचारलं.

"एकदा डोळे उघडे ठेवून चाला, एकदा बांधून. दोन्ही वेळा नारळ त्याच जागी उभा राह्यला, तं मी कॉलेजात ओरडून सांगीन की माह्या बापाले पाणी दिसते."

"अन् नाही राह्यला तं?"

"तं ते बी सांगीन."

शालूबाईनं ताट आपटलं. पुंजाजी मात्र ताठ बसला. "चाल," तो म्हणाला, "माह्या नारळाले कशाचं भेव हाय?"

शाळेच्या पटांगणावर रविवारी सगळा गाव जमला. सकाळी पुंजाजी डोळे उघडे ठेवून चालला. नारळ उभा राहिला तो निंबाजवळ, मग हापशीच्या वाटेवर, मग फाटकाच्या आत. जयमालानं पटांगणाच्या दोन भिंतींपासून टेप लावून जागा टिपल्या, जमिनीवर खूण म्हणून काही ठेवली नाही. दुपारून मयुरी आली, तिची कॉलेजची मैत्रीण. मुद्दाम उशिरा बोलावली होती, म्हणजे सकाळच्या जागा तिला माहीत नसाव्यात. पुंजाजीनं आपल्या हातानं डोळ्यांवर शेला बांधला. मयुरीनं त्याचं कोपर धरलं आणि त्याला मनाला येईल तसं फिरवलं.

निंबाजवळून तो गेला. नारळ आडवा. पुन्हा गेला, पुन्हा आडवा. हापशीची वाट ओलांडली, नारळ झोपल्यासारखा. गर्दीतून कुणीतरी खोकलं. आणि मग एका जागी नारळ थरथरला आणि डौलानं उभा राहिला. पुंजाजीचं तोंड फुललं. "हाव! इथं हाय!"

त्यानं शेला सोडला. तो शाळेच्या खिचडीच्या चुलीची राख टाकतात त्या कोपऱ्यात उभा होता. त्यानं निंबाकडे पाहिलं, राखेकडे पाहिलं. "अजून एक डाव," म्हणाला. अजून दोन डाव झाले. एकदा झेंड्याच्या ओट्याशी, एकदा भिंतीला अगदी लागून. सकाळची एकही जागा परत आली नाही.

मग गावाचं तोंड सुटलं.

"पोरीनं चपला घातल्या होत्या पटांगणात."

"रविवारी पाणी पाहत नसतेत."

"देवाची परीक्षा घेते व, लाज नाही वाटत? पोरीले शिकवू नये म्हणतेत ते याच्यासाठी."

"फडकं गच्च आवळलं असंन, रक्त थांबलं त्याचं!"

पुंजाजी राखेपासून हलला नव्हता. तो म्हणाला, "फडकं मी सोताच बांधलं. चांगलं होतं." नारळ बगलेत धरून तो घरी गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो पारावर आला नाही.

शौनक सर खूश झाले. त्यांनी प्रकल्पाचं नाव सुचवलं, त्यात 'फसवणूक' हा शब्द होता. जयमालानं तो खोडला.

"सर, फसवणारा जाणून फसवते. माह्या बापाले मालूमच नव्हतं की त्याचाच हात नारळ उभा करते. डोळे उघडे असले की हिरवं झाड दिसते, खोलगट दिसते, अन् हाताले कळते. त्याचं त्याले कळत नाही. याले फसवणूक म्हटलं, तं मी बी न पाहता लिहिणारी झालो."

"स्पर्धेत असं मिळमिळीत नाव चालत नाही, जयमाला."

"मंग स्पर्धेत नका पाठवू."

नाही पाठवलं. गाव म्हणालं, बापाला बुडवलं. कॉलेज म्हणालं, बापाला वाचवलं. ती दोन्हीकडे ताठ मानेनं वावरत राहिली. पण घरात पुंजाजी तिच्याशी कामापुरतंच बोलत होता, आणि तेवढं एक तिला लागत होतं. ती ते कुणाला दाखवत नव्हती, पण शालूबाईला दिसत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडी ग्रामपंचायतीच्या बोअरची गाडी आली. मोठी, धुळीनं माखलेली, वर तमिळ माणसं. शंकररावांनी पुंजाजीला घरून बोलावून आणलं. पारापाशी गर्दी झाली. जयमाला एसटीतून उतरली ती थेट त्या गर्दीतच.

शंकरराव म्हणाले, "पुंजाजीभाऊ, झालं गेलं सोडा. गावाचा बोअर हाय, जागा तुम्हीच दाखवान. फकत एक. तुमच्या लेकीनं मारुतीपुढं नारळ फोडावा अन् चुकलं म्हणावं. मंग तुमचा मान जसा होता तसा."

सगळे जयमालाकडे पाहू लागले. बापाचा मान तिच्या जिभेवर आणून ठेवला होता. पुंजाजी खाली पाहत होता.

"चुकलं काय, ते तं सांगा काका," ती म्हणाली. "बाबानं खोटं केलं नाही. मी बी नाही."

"लय शिकली तू! मंग तूच दाखव जागा."

"मले बी माहीत नाही. नाल्याकडच्या विहिरींचं पाणी उन्हाळाभर मोजावं लागन. भिंतीतल्या भेगा कोणीकडं जातेत ते पाहावं लागन."

हशा पिकला. "बापाले बी माहीत नाही अन् लेकीले बी नाही! अन् यांच्यासाठी गाडी आणली बापा!"

"माहीत नाही म्हणायची मले लाज नाही," जयमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पारामागच्या घरांतल्या बायाही बाहेर आल्या. "न पाहता सांगायची हाय. चुकलं म्हणवून घ्याचं असंन, तं पयले पटांगणात चुकलं काय ते दाखवा. हाय कोणी?"

शंकररावांनी रागारागानं नारळ पुंजाजीच्या हातात कोंबला. "पुंजाजीभाऊ, या पोरीचं सोडा. तुम्ही चाला."

पुंजाजीनं चपला काढल्या. नारळ तळहातावर आडवा ठेवला. पाऊल उचललं आणि थांबला. मग खांद्यावरचा शेला काढून त्यानं शंकररावांपुढे धरला.

"पयले डोळे बांधा," तो म्हणाला.

"काय?"

"डोळे बांधा म्हणतो. मले बी पाह्यचं हाय."

शंकरराव शेल्याकडे पाहत राहिले, मग पोरांवर ओरडले, "गाडी काढा रे कोणी! जा, दुसरा पाणी पाहणारा घेऊन या."

पिशवीतून जयमालानं टेप काढली, विहिरीत सोडायला तिच्या टोकाला वजन म्हणून बांधलेला लोखंडी नट एकदा ओढून पाहिला. बापाजवळ आली.

"येतो, बाबा. नाल्याकडं जातो. आज पयली विहीर."

पुंजाजीनं मान हलवली.

ती निघाली. उन्हात नाल्याची वाट पांढरी पडली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती गेली ते गावानं पाहिलं, पण गाव लवकरच आपल्या भांडणाकडे वळलं. गाडीवरचा तमिळ ड्रायव्हर, ज्याला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, तो डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ पाहत राहिला. शालूबाई कुडाआडून पाहत होती. आणि पुंजाजी पाहत होता, अनवाणी, डोळे उघडे ठेवून, ती पळसांच्या पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत. त्याच्या तळहातावर नारळ तसाच होता, आडवा.