चार बोटं उघडी खिडकी

मार्च २०११. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती. मुक्काम जपानमध्ये त्सुकुबा, मुलगी अनघाच्या घरी. तिची ईरा पाच महिन्यांची. जावई ऑफिसच्या कामाने ओसाकाला.

दुपारी २.४६ ला भूकंप झाला. इमारत उभी राहिली. वीज, पाणी, गॅस गेला. जावयाचा मेसेज आला, ट्रेन बंद आहेत.

दुसऱ्या सकाळी घरात पाच डिग्री. खोली गरम करणारा एसी बंद. फॅन हीटरची टाकी रॉकेलने भरलेली, पण त्यालाही प्लग लागतो. ईराचे हात गार पडले. ती दूध ओढेना.

खालच्या मजल्यावरच्या इतो-सान, ऐंशीच्या पुढच्या, स्वतःचा जुना स्टोव्ह घेऊन वर आल्या. वातीचा, काडीने पेटणारा. "बाळाला," एवढंच म्हणाल्या. हीटरचं रॉकेल मी त्यात भरलं. भूकंपाचा नवा धक्का बसला की तो आपोआप विझायचा. त्या दिवशी मी तो आठ वेळा पेटवला. विषारी वायू साचू नये म्हणून खिडकी चार बोटं उघडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी अनघाच्या मैत्रिणीचा मेसेज आला. अणुभट्टीत स्फोट झालाय, खिडक्या बंद ठेवा.

"बाबा, खिडकी लावा."

"मग स्टोव्ह विझवावा लागेल."

"ईरा गारठेल."

"म्हणूनच चार बोटं."

"त्या फटीतून काय आत येतंय, तुम्हाला दिसतंय का?"

११.०० ला मी पाण्याच्या रांगेत गेलो. १३.३० ला परतलो. खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी. अनघा भिंतीला टेकलेली, ईरा मांडीवर.

"अनघा, ऊठ."

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. तिला उठता येईना.

स्टोव्ह विझवला. पट्टी ओरबाडून काढली. ईराला बाल्कनीत नेलं. ती सैल पडली होती. तिच्या तळपायांवर टिचक्या मारत राहिलो. किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नाही. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. अनघा रांगत बाहेर आली. मग ईरा रडली.

पुढच्या हिवाळ्याआधी घरासाठी स्टोव्ह घ्यायचा होता. मी म्हणालो, "वातीचाच घ्या. बिघडायला त्यात काही नाही. वात बदलली की वर्षानुवर्षं चालतो. पण खिडकीची शिस्त पाळणार असाल तरच."

अनघाने विचारलं, "त्या दिवशी दारातूनच तुम्हाला कसं कळलं?"

तोवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पंधरा हजार फुटांवरची चौकी. बंकरमध्ये ऊब देणारी रॉकेलची शेगडी, बुखारी. वाऱ्यामुळे कुणीतरी झरोक्यात पोतं कोंबलं होतं. मी सेक्शन कमांडर. पोतं मी पाहिलं होतं. मलाही थंडी वाजत होती, म्हणून गप्प राहिलो. पहाटे स्टँड-टूला, हत्यारं घेऊन सज्ज व्हायच्या वेळी, आम्ही पाचजण डोकं धरून बाहेर पडलो. सहावा उठलाच नाही.

नाईक दत्ताराम, वय सव्वीस. त्याच्या आईला मी पत्रात लिहिलं, थंडीने गेला.