शंकरपटाच्या अकलेनं निवडलेला मास्तर

नातीसाठी टेनिसचा खासगी मास्तर निवडताना मी बैलांच्या शर्यतीची अक्कल वापरली, हा माझा शुद्ध गाढवपणा. परवा शेजारच्या पोरीनं चेंडूंचा नवा डबा फोडला आणि त्या रबरी वासासरशी सगळं आठवलं. सेलूला एका लग्नघरात थोरल्या जाऊबाई आपल्या नातीनं टेनिसमध्ये जिंकलेला कप मिरवत मला म्हणाल्या, "काऊन वं, तुयी नात अजून भातुकलीच खेळून राह्यली का?" यांची जिरवायचीच, हे मी मठ्ठा पिता पिता ठरवलं आणि लेकीकडे नागपूर गाठलं. पहिल्या मैदानावरच्या मास्तरीणबाई नातीसोबत खेळता खेळता खिदळत होत्या, म्हणून त्यांना मी तिथंच बाद केलं. आमच्याकडे शंकरपटात हाकणारा जितका ओरडेल तितकी जोडी पळते, तसा खणखणीत गळा मला तिसऱ्या मैदानावर सापडला. त्याच्या ओरडण्यानं पोरं दचकत होती आणि ही शहाणी आजी बाकावर बसून खूश. नात रडत आली की मी म्हणे, "मोठ्या आजीची जिरवायची हाय नं आपल्याले?" वर्षभरानं तिनं जाऊबाईंच्या नातीला हरवलं. जाऊबाईंचं उतरलेलं तोंड मी डोळे भरून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, ते आठवलं की आजही मला गोड वाटतं. पण त्या दिवशी घरी येताना ऑटोत नातीनं रॅकेट माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आजी, मोठ्या आजीची जिरली नं आता? मग उद्यापासून मी नाही गेली तर चालते का?"