सात दिवसांची मेणबत्ती

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेण वितळवत होते. रविवारची दुपार, आई आतल्या खोलीत पडलेली, आणि गॅसवर पाण्याच्या पातेल्यात मेणाचं पातेलं. फोनवर वहिनी होती, इस्रायलहून. "गेले गं ते. सकाळी, चहा पिता पिता," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "थांब हं, गॅस बंद करते." सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर माणसाच्या तोंडून हे निघावं! पण मेणावरून लक्ष काढलं की ते पेट घेतं, आणि सवय म्हणजे सवय.

गॅस बंद केला, बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं आणि रडले. आवाज न करता. खांदा कॉलनीतल्या आमच्या छोट्याशा घरात रडायला बाल्कनीखेरीज जागा नाही, आणि तिथंही समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हात केला. मीही केला.

आईला सांगायचं नाही, हे वहिनीनं आणि मी त्याच फोनवर ठरवलं. आईचं वय झालेलं, हृदय अधू, त्यात न्हाणीघरात घसरून खुबा मोडला तेव्हापासून ती वॉकर धरून चालायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना कसलाही धक्का नको. वहिनी म्हणाली, "नको सांगूस, तिचाही जीव जायचा." मला तेच ऐकायचं होतं. आईही गेली असती तर मी काय केलं असतं? माझं म्हणावं असं एवढंच माणूस आता उरलं होतं, आणि ते मला गमवायचं नव्हतं.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. पनवेलात एके काळी आमची पुष्कळ घरं होती. आता सणासुदीला मशिदीत गेलं तर बाकंच जास्त दिसतात. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो, ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, होऊ दे. बहुतेक सगळे तिकडे गेले. दादाही तरुणपणीच गेला, तिकडे कारखान्यात लागला, तिकडचाच झाला. मी बँकेत चिकटले, लग्नाचं काही जमलं नाही, आईपाशी राहिले. दादावर माझा राग होता, खोटं कशाला बोलू. "तू मजा मार तिकडे, मी आहेच इथं उस्तवार करायला," असं फोनवर कितीदा सुनावलंय त्याला. तो हसायचा. म्हणायचा, "तू आहेस म्हणून तर मी जाऊ शकलो, बाई." डोंबल! राग यायचा आणि बरंही वाटायचं.

आमच्यात माणूस गेलं की घरात सात दिवस दिवा अखंड ठेवतात. तो विझू द्यायचा नाही, आणि हातानं विझवायचा तर नाहीच नाही. आरसे झाकतात, अंगावरचा कपडा गळ्यापाशी थोडा फाडतात, शेजारपाजारचे जेवण घेऊन येतात. यातलं मला काय करता येणार होतं? आरसा झाकला असता तर आईनं पहिल्या मिनिटाला विचारलं असतं. पेल्यात तेल घालून दिवा लावला असता तर विचारायचीही गरज पडली नसती. बाबा गेले तेव्हा तो दिवा तिनंच सांभाळला होता.

पण मेणबत्ती? आमच्या घरात कुठली ना कुठली मेणबत्ती कायम पेटलेलीच असायची. रिटायर झाल्यावर मी न्यू पनवेलला क्लास लावून शिकले आणि घरातच मोठ्या, जाडजूड, वासाच्या मेणबत्त्या करू लागले. दिवाळीला, नाताळला, लग्नसराईत बऱ्या खपतात. नवं माप केलं की एक जाळून बघावी लागते. वात बारीक पडली तर आपल्याच मेणात बुडून मरते, जाड झाली तर काजळी धरते आणि मेण भसाभसा संपवते. आई याला "तुझे प्रयोग" म्हणायची आणि नाकाला पदर लावायची. दादाचा दिवा प्रयोगाच्या नावाखाली ठेवायचा, असं मी ठरवलं. डोळे पुसले, आत आले आणि गॅस पुन्हा पेटवला.

एवढी मोठी मेणबत्ती मी पूर्वी केलीच नव्हती. सगळ्यात रुंद साचा काढला, त्याच्या बुडाच्या भोकातून विणलेली सुती वात ओवली, खाली गाठ मारली आणि मेण गळू नये म्हणून भोकावर कणकेची गोळी थापली. वर स्वेटर विणायची सुई आडवी ठेवून तिला वात ताणून बांधली. वात मधोमध आणि सरळ असली पाहिजे, जराशी कलली की ज्योत एका कडेला जाते, ती कड फुटते आणि सगळं मेण टेबलावर. दोनदा सोडली, पुन्हा बांधली. एरवी मी अशा वेळी स्वतःवरच चिडते, पण त्या दिवशी चिडायचंही त्राण नव्हतं. वात निवडतानाच फार वेळ गेला होता. ही सात दिवस जायला हवी होती, मध्ये विझली तर दादाचा दिवा विझणार होता.

वास मोगऱ्याचा घातला. ऑर्डरी त्याच्याच जास्त यायच्या, म्हणून आईला संशय आला नसता. नाहीतर दुखवट्यात अत्तराचा वास कोण घालतं? "माफ कर रे," असं मी पातेल्यात बघत म्हटलं आणि बाटली उपडी केली.

मेण थंड होताना वातीभोवती खड्डा पडतो, तो पुन्हा मेण ओतून भरावा लागतो. एवढा जाड खांब आतपर्यंत थिजायला दुसरा दिवस उजाडला. तोवर विक्रीतली एक लहान मेणबत्ती लावून ठेवली होती, तिच्यावरून ही पेटवली.

"अगं बाई, हा काय खांब!" आई वॉकर टेकत बाहेर आली.

"कोन गावच्या एका लॉनवाल्यांनी मागवलीय. लग्नासाठी."

"आणि रात्रंदिवस जाळतेस ती?"

"किती टिकते ते बघायचंय."

"का, त्यांचं लग्न संपतच नाही का?" असं म्हणून ती स्वतःच खुदकन हसली. मलाही हसावं लागलं.

ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. पंखा लावला की ज्योत आडवी होई, म्हणून बैठकीतला पंखा बंद. भर उन्हाळा, अंगाची नुसती चिकचिक. आई कावली. "माणसांनी शिजावं आणि तुझी मेणबत्ती टिकावी, छान आहे!" वातीच्या टोकाला काजळीची गाठ धरली की एरवी आम्ही ती विझवतो, कापतो, पुन्हा पेटवतो. इथं विझवायची सोय नव्हती, म्हणून पेटत्या वातीची गाठ चिमट्यानं हळूच काढायची, श्वास रोखून. आईला वाटायचं, मी कामात आहे. मी त्या चिमट्यामागं लपून मनात प्रार्थना म्हणत होते. एकदा मला भरून आलं तर म्हणाली, "बघ, त्या वासानं तुझेही डोळे चुरचुरतात. माझं कोण ऐकतंय!"

आई मात्र त्या आठवड्यात फार खुशीत होती. बाजारात आंबा आला होता. गुरुवारी तिनं मागून मागून खाल्ला, कोय चोखली आणि दादानं लहानपणी शेजाऱ्यांच्या झाडावरून कैऱ्या पाडल्या होत्या ती गोष्ट सांगितली. मी पाठ फिरवून ऐकली.

शुक्रवारी संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्याकडे तेव्हा दुपार असायची. शब्बाथचा दिवा लावायच्या आधी आईला त्याचं तोंड बघायचं असायचं. म्हणून त्या शुक्रवारीही ती केस विंचरून, धुतलेली साडी नेसून टॅबसमोर बसली. बसली ती बसलीच.

"मेल्याला आज काय धाड भरलीय?"

"त्याचा फोन बिघडलाय, आई. वहिनीचा मेसेज होता."

"मग बायकोच्या फोनवरून करायचा."

"ती बाहेर गेलीय."

"शुक्रवारची? रांधायचं टाकून?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून भांडी आपटत बसले. अजून काही विचारलं असतं तर माझ्याच्यानं खोटं निभलं नसतं.

बाहेर ऊन उतरत होतं. एकदा शब्बाथ लागला की शनिवारचा दिवस मावळेपर्यंत आम्ही विस्तवाला हात लावत नाही. पेटवायचं नाही आणि विझवायचंही नाही. म्हणून दिवस मावळायच्या आत कामाधंद्याचा सगळा जाळ बंद करायचा, ही आईची जन्माची शिस्त. गॅस बघायचा, शेगडी बघायची, मग पेल्यात खोबरेल घालायचं आणि दिवा लावायचा. मी आत पाण्याच्या धारेखाली तोच तोच टोप घासत असताना ती वॉकर घेऊन उठली. टेबलापाशी गेली. लॉनवाल्यांची मेणबत्ती शब्बाथला कशाला जळायला हवी? बोटं तोंडाशी नेऊन ओली केली आणि वात चिमटीत धरली.

मला आधी वास आला. मोगऱ्यातून विझल्या वातीचा धूर ओळखायला येतो. बाहेर धावले तर ती बोटं पदराला पुसत होती.

"आई! काय केलंस हे! विझवायचं नसतं गं ते!"

आमच्या घरात हे वाक्य एकाच दिव्याबद्दल म्हणतात. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मेणबत्तीकडे, मग त्या काळ्या पडलेल्या टॅबकडे.

"बाबू?" दादाला ती अजून बाबूच म्हणायची.

मी मान हलवली.

"कधी?"

"रविवारी. सकाळी. झटक्यात गेला, त्रास काही झाला नाही."

मी तिला धरायला गेले. जिभेखालची गोळी कुठं ठेवलीय तेही आठवेना. तिनं माझा हात झिडकारला. "सोड. मला काही होत नाही." ती वॉकर घट्ट धरून तशीच उभी राहिली, आणि मला तिची इतकी भीती वाटली, जितकी लहानपणीही कधी वाटली नव्हती.

"तुझ्यासाठीच नाही सांगितलं, आई. डॉक्टर म्हणाले होते."

"माझा मुलगा होता तो." आवाज चढला नव्हता. "काल मी आंबा खाल्ला. मागून खाल्ला. माझं लेकरू मातीत, आणि मी कोय चोखत बसले. तू मला खाऊ दिलंस."

सहा दिवस मी तिचा जीव सांभाळत होते, पण असं तर माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिनं खिडकीकडे पाहिलं. उजेड थोडाच होता. "काडी दे. तू नको, मी लावते." ओली झालेली वात पेटेना, तडतडायची आणि मरायची. काड्या वाया गेल्या. मी तिच्या मनगटाखाली हात धरला, तो तिनं धरू दिला. शेवटी वात पेटली. मग तिनं शब्बाथचा दिवा लावला, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि आशीर्वाद म्हटला. एरवी ती हात लगेच काढते. त्या दिवशी काढलेच नाहीत. बोटांच्या फटीतून पाणी वाहत मनगटापर्यंत आलं. मी शेजारी उभी राहून रडले, आणि पहिल्यांदाच आवाज करून रडले.

बऱ्याच वेळानं ती खुर्चीत बसली.

"तुझे सात दिवस उद्या सरतील," ती म्हणाली. "माझे आजपासून. ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून धरायचे असतात."

"हो."

"हिच्यात किती उरलंय?"

"परवापर्यंत जाईल."

"मग उद्या शब्बाथ उतरला की मेण तापायला ठेव. दुसरी कर, अशीच जाड. वात मी धरीन."

"धर हं," मी म्हटलं.

ती पेटत्या मेणबत्तीकडे बघत राहिली.

"आणि त्यात वास घालू नकोस."