हायड्रोजन क्लोराइडचा सौदा

बंगळूरच्या चिकपेट बाजारात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं घासाघीस करून मिळवलं. मुलगी इंजिनिअर व्हावी, एवढं एकच मागणं उरलं होतं. नव्वदच्या दशकात ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसून मोठ्यानं वाचायची.

एकदा ती रासायनिक बंधांपाशी अडली. प्रत्येक अणूची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद वेगळी असते. सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीन घेऊन टाकतो आणि मीठ बनतं. हे मला लगेच पटलं. पण हायड्रोजनच्या बाबतीत क्लोरीनची ओढ जास्त असूनही इलेक्ट्रॉन दोघांत सामाईक राहतात, असं ती म्हणाली. मी हसलो. ज्याचा जोर जास्त तो माल उचलून नेतो, असं तिला सांगितलं.

"अण्णा, पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक लिहिणारा बाजारात बसलाय का कधी?"

माझा आवाज चढला की घरात कुणी पुढं बोलत नसे. तिनं पान उलटलं.

परीक्षेत नेमकं तेच विचारलं. हायड्रोजननं इलेक्ट्रॉन देऊन टाकला, असं तिनं लिहिलं. थोडक्या गुणांनी इंजिनिअरिंगची सीट हुकली. मी तिला घेऊन तडक कॉलेजात गेलो आणि चुकीचं शिकवलंत म्हणून रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना सगळ्या स्टाफरूमसमोर झाडलं. त्यांनी शांतपणे कागद घेतला, दोन अणू काढले, मध्ये दोन ठिपके दिले, क्लोरीनकडे जरासे सरकवून. इलेक्ट्रॉन झुकतात, जात नाहीत, हे वर्गात दोनदा सांगितल्याचं ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले.

"तुला हे उलटं कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझंच वाचण्यात चुकलं, सर."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मालाच्या भावासाठी तासन् तास तोंड चालवणारा मी, एक शब्द काढला नाही. उलट जिना उतरताना त्या माणसाच्या उद्धटपणावरच बोलत राहिलो. आजही त्याचा राग येतो. त्यानं तिला तो प्रश्न माझ्यासमोर विचारायला नको होता.

जूनमध्ये तिनं बीकॉमचा फॉर्म भरला. मला विचारलं नाही. मीही बीकॉमच का, असं विचारलं नाही.