गौळण बोलायला बसली तेव्हा

सिद्धेश घाणेकर गोरेगावला मालिकांचं एडिटिंग करतो. वय पंचावन्न, लग्न नाही, केस मात्र दर पंधरवड्याला काळे. तीन वर्षं तो स्वतःची एक डॉक्युमेंटरी जुळवतोय. त्यात बंद पडलेल्या गिरण्या, तिथून उपनगरात फेकली गेलेली आमच्या कोकणातल्या वाडीची माणसं, आमचं नमन, म्हणजे शिमग्यातला नाच-सोंगांचा खेळ. आणि मधोमध माणिक. नमनातली आमची गौळण! अहो, काय कंबर होती! बायका बघून जळायच्या.

ब्याण्णव साली हे दोघे बोरिवलीत एका खोलीत राहिले. दोन वर्षं दोरीवर चादर एकच वाळायची, हे गावभर मीच केलं. मग माणिकचं लग्न झालं. आता तो आजोबा, शिवाय नमन मंडळाचा अध्यक्ष.

"एकदा बोल रे, की आपण होतो," सिद्धेश विनवायचा. "नाहीतर ते सगळं मी एकट्यानेच रचलं असं होईल."

शेवटी माणिक म्हणाला, "गौळण बोलेल. मी नाही."

आमच्या वाडीचा रिवाजच तसा. पायात घुंगरू चढले की पुरुष संपला. ते उतरेपर्यंत त्याला नावाने हाक मारायची नाही, मारली की गौळण तिथेच संपली; आणि गौळण जे बोलेल त्याचा जाब नंतर कुणी विचारायचा नाही.

रविवारी दुपारी माणिकच्या घरी शूटिंग. उजेड पाडायला मला थर्मोकोल धरून उभं केलेलं, म्हणून बातमी पक्की. निऱ्या त्याच्या बायकोने, वनमालावहिनींनीच घातल्या. "पोट आत घे गं बाई," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. माणिकने घुंगरू बांधले. पंचावन्नाची गौळण चक्क लाजली.

"खोलीत मला ताप होता," ती म्हणाली. "हा तीन दिवस कामावर गेला नाही. माझं डोकं मांडीवर घेऊन बसायचा. मला वाटायचं, ताप उतरूच नये. मी ह्याच्यावर—"

"माणिक!"

सिद्धेशच्या तोंडून निघून गेलं. हाक की हुंदका, कोण जाणे.

माणिक वाकून घुंगराची गाठ सोडायला लागला.

"चुकलं रे! पुन्हा बांध ना. एकच वाक्य राहिलंय, यार." सिद्धेश कॅमेरा सोडून त्याच्या पायाशी बसला, घोटा दोन्ही हातांनी धरून. "तू नाही बोललास तर ती दोन वर्षं मी होतो कुठे?"

मी एवढा तोंडाळ, पण थर्मोकोलमागे तोंड लपवलं.

माणिकने पाय सोडवून घेतला. पदराने ओठांचा रंग पुसला. "वनमाला, पाव्हण्यांना चहा टाक गं!" आणि खाली बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, म्हणाला, "साखर चालते ना तुम्हाला, सिद्धेशराव?"