भाव एकाचा की जोडीचा

मंगरूळपीरच्या कस्तुराबाईंची थोरली जाऊ हिरीबाई विमानात बसून आली, याचं त्यांना एवढं वाटलं नसतं. पण ती पुढच्या भागात, बिझनेस क्लासमध्ये बसून आली होती. तिचा मुलगा हरीओम दिल्लीला कंपनीत. त्याच्या साठलेल्या पॉइंटांवर आईला ती सीट मिळाली. तेव्हापासून कुणाकडेही चहा आला की हिरीबाई कप न्याहाळायची. "पुढं काचेच्या गिलासात देतात बरं. मांगच्यायले कागदाचा कप."

एकतीस वर्षं कस्तुराबाई मागेच होत्या. हळदीकुंकवाचं बोट आधी थोरलीच्या कपाळाला, मग त्यांच्या. लग्नाकार्यात लुगडी आली की थोरलीनं उचलल्यावर उरेल ते त्यांचं.

आता हरीओमच्या नव्या घराची वास्तुशांती होती. त्यानं नागपूर-दिल्लीचं तिकीट पाठवलं, दोघींचं मिळून एकच, मागच्या साध्या सीटचं. पॉइंट संपले होते. हिरीबाई हळहळली. त्या दिवशी कस्तुराबाई दोन घास जास्त जेवल्या.

प्रवासाला चार दिवस राहिले तेव्हा त्या स्टँडजवळच्या तूबा या मुलीच्या तिकीट बुकिंगच्या दुकानात गेल्या. तिच्यापुढं तिकीट ठेवून म्हणाल्या, "पुढच्या सीटचं काय पडते वं?"

"भाव रोज बदलते, काकू. परवा बावीस हजार होता, आज अठ्ठावीस."

"खुर्ची तीच ना? का मखमल लावली रात्रीतून?"

तूबा हसली. "तीच. ज्याले निकड हाय त्याच्याकडून जास्त घेतात. पण जागा रिकामी उडाली त मंग कंपनीले काहीच भेटत नाही. म्हणून मांगच्यायलेच इचारतात, वरून किती देता? आपण आकडा टाकायचा. पसंत पडला त पुढं बसवतात, नाही त पैसे वापस."

"दुसऱ्यानं किती टाकले ते दिसते का?"

"नाही."

कस्तुराबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांचे यजमान मारोतराव यांचा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला होता. रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा भाव त्यांच्या घरचाच. त्यांनी म्हशीच्या दुधाचे जमवलेले बारा हजार टेबलावर ठेवले.

"एवढे टाक. आन् हिरीबाईले कळू देऊ नको."

"सरप्राइज हाय का?" तूबाला मजा वाटली.

"तसंच समज."

पुढचे चार दिवस त्या एकच चित्र बघत होत्या. आपण पुढं, मध्ये पडदा, आणि पडद्यामागं कागदाचा कप धरून हिरीबाई.

मारोतरावांनी दोघींना नागपूरला विमानतळावर सोडलं. काउंटरवरची मुलगी तिकीट पाहून म्हणाली, "अभिनंदन! दोघींचं अपग्रेड झालंय. बिझनेस क्लास, दुसरी रांग."

"मायबाई, मले बी?" हिरीबाई ओरडलीच.

कस्तुराबाईंनी बाजूला जाऊन तूबाला फोन लावला. "दोघींचं काहून केलं वं?"

"तिकीट एकच हाय ना, काकू. त्यातली एकच पुढं जात नाही. म्हणून सहा-सहा हजार टाकले. सरप्राइज म्हणलं होतं ना तुमी? मोठ्या काकू खूश झाल्या का?"

बैलबाजारात नवखं गिऱ्हाईकही आधी विचारतं, भाव एकाचा की जोडीचा. तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

हिरीबाई मागंच येऊन उभी होती; तूबाचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. तिनं त्यांचा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "कस्तुरे, माह्यासाठी केलं तू? आन् मी तुले एवढी वर्षं आतल्या गाठीची समजत होती."

कस्तुराबाईंनी फोन बंद करून पिशवीत टाकला.

विमानात खिडकी हिरीबाईनं घेतली. "तू नवी हायेस, तुले चक्कर येईन." मग कोणतं बटन दाबलं की पाय वर होतात, हेही तिनंच शिकवलं. दोनदा.

थोड्या वेळानं हवाईसुंदरी ट्रे घेऊन आली. वाटेच्या बाजूला कस्तुराबाई होत्या, म्हणून तिनं ट्रे आधी त्यांच्यापुढं धरला. काचेचा गिलास, वर लिंबाची चकती. हात पुढं गेला, आणि एकतीस वर्षांची जीभ आपसूक बोलून गेली,

"आधी त्यायले द्या."

हिरीबाईनं गिलास उचलला.